रक्तवाहिन्यांतला चुना आणि मूत्रपिंडाचा रुग्ण

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि पाय मुरगळून दवाखान्यात आले. वय ६६. अठरा वर्षांचा मधुमेह, बारा वर्षांचे ब्लडप्रेशर आणि चार-पाच वर्षांपासून मंदावलेली मूत्रपिंडे. घोट्याला सूज होती म्हणून एक्स-रे काढून आणायला सांगितले. तासाभराने त्यांचा मुलगा फिल्म घेऊन आला. मी ती उजेडासमोर धरली. हाड मोडलेले नव्हते. पण हाडाच्या शेजारून पावलाकडे दोन पांढऱ्या समांतर रेषा उतरत होत्या, रेल्वेच्या रुळांसारख्या.

"डॉक्टरसाहेब, ही तार कसली दिसते?" मुलाने विचारले.

ती तार नव्हती. ती गुरुजींच्या पायाची धमनी होती. साध्या एक्स-रेमध्ये रक्तवाहिनी एरवी दिसत नाही. तिच्या भिंतीत हाडासारखा चुना साठला असेल तरच ती अशी पांढरी उमटते.

मी गुरुजींची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात कॅल्शियमच्या गोळ्यांची पट्टी निघाली. रोज दोन गोळ्या, रात्री दुधाबरोबर. 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटे निघाली, दर रविवारी एक. सोबत घडी पडून फाटायला आलेली चिठ्ठी होती. अक्षर माझेच. गुडघे दुखतात म्हणून अडीच वर्षांपूर्वी मी एका महिन्यासाठी ही औषधे लिहून दिली होती. महिना कधीच संपला होता, पण गोळ्या चालूच होत्या. त्या वेळी त्यांचे क्रिएटिनीन २.१ होते आणि तो आकडा माझ्याच केसपेपरवर लिहिलेला होता.

"हाडं मजबूत राहावीत म्हणून घेत होतो. चुकलं का माझं?" गुरुजींनी विचारले.

"गुरुजी, तुमचं नाही, माझं चुकलं," मी म्हणालो.

केवळ त्या गोळ्यांमुळे धमन्यांत चुना साठला, असे म्हणता येणार नाही. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार हे दोन्ही तेच काम करतात. पण पेटलेल्या आगीत मी तेल ओतले, हे खरे. आपल्याकडे घरोघरी कॅल्शियमची गोळी टॉनिक म्हणून घेतली जाते. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी ती टॉनिक नाही, हे सांगण्यासाठीच आजचा लेख.

चुना जागा का चुकतो?

आपल्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत असते. हाडांत ते फॉस्फरसच्या जोडीने राहते. रक्तात मात्र या दोघांचे प्रमाण मोजूनमापून ठेवलेले असते. जेवणातून जास्त फॉस्फरस आला, तर निरोगी मूत्रपिंडे तो लघवीवाटे बाहेर टाकतात.

मूत्रपिंडे मंदावली की फॉस्फरस मागे राहू लागतो. तो बाहेर काढण्यासाठी शरीर धडपडते. गळ्यातल्या पॅराथायरॉईड नावाच्या चार छोट्या ग्रंथी आपला स्राव वाढवतात. 'ड' जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देण्याचे काम मूत्रपिंडे करतात, तेही कमी पडते. पॅराथायरॉईडचा वाढलेला स्राव हाडांतून कॅल्शियम आणि फॉस्फरस ओढून रक्तात आणतो. परिणाम उलटाच होतो. हाडे ठिसूळ होतात आणि त्याच वेळी धमन्या दगडी होऊ लागतात. हाडे दुखतात म्हणून रुग्ण कॅल्शियम खातो आणि ते हाडांत जाण्याऐवजी धमनीत जाऊन बसते.

धमनीच्या मधल्या थरातल्या या चुन्याचे वर्णन योहान मॉन्केबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९०३ मध्येच केले होते. आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा, लोखंडाला गंज चढावा तशी ही वयोमानाने होणारी झीज आहे, असेच आम्हाला सांगितले गेले. पुढच्या संशोधनाने वेगळे चित्र दाखवले. रक्तात फॉस्फरस वाढलेला राहिला, तर धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी आपला स्वभाव बदलतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. म्हणजे चुना नुसता साचत नाही, धमनीत हाड घडवले जाते. रक्तात चुना साठू न देणारी काही रक्षक प्रथिने असतात. मूत्रपिंडाच्या विकारात तीही दुबळी पडतात.

वय हेच कारण असते, तर तरुणांना हा त्रास झाला नसता. सन २००० मध्ये अमेरिकेत डायलिसिसवर असलेल्या ३९ मुलांच्या आणि तरुणांच्या हृदयाची तपासणी प्रसिद्ध झाली. वीस वर्षांखालच्या २३ जणांत हृदयाच्या धमन्यांत चुना आढळला नाही. पण २० ते ३० वयाच्या १६ जणांपैकी १४ जणांत तो आढळला. ज्यांच्यात चुना होता, त्यांच्या पोटात औषधांतून जाणारे कॅल्शियम इतरांच्या जवळपास दुप्पट होते.

हृदयावर काय परिणाम होतो?

मूत्रपिंडाच्या अनेक रुग्णांना मृत्यू मूत्रपिंडामुळे नव्हे, तर हृदयामुळे येतो, हे पुष्कळांना माहीत नसते. हृदयातून निघणारी मोठी धमनी रबरी नळीसारखी लवचीक असते. ठोक्यागणिक ती फुगते आणि मग आकसून रक्त पुढे ढकलते. रबरी नळीच्या जागी सिमेंटचा पाइप बसवला तर काय होईल? प्रत्येक ठोक्याला हृदयाला जास्त जोर लावावा लागेल. वरचे ब्लडप्रेशर वाढते, खालचे मात्र उतरते. गुरुजींचे ब्लडप्रेशर मी कित्येक महिने १८०/६० असे लिहून घेत होतो. खालचा आकडा कमी आहे म्हणून मी समाधान मानत होतो. खरे तर दोन आकड्यांतले हे मोठे अंतर धमन्या कडक झाल्याची खूण असू शकते.

हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना रक्त मिळते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत. खालचे ब्लडप्रेशर उतरले की तो पुरवठा घटतो, आणि हृदयाची भिंत मात्र जोर लावून लावून जाड झालेली असते. काम वाढले आणि पुरवठा घटला, अशी कोंडी होते. हृदयाच्या झडपांवरही चुना बसतो आणि महाधमनीची झडप अरुंद होते. चालताना धाप लागणे, छातीत दडपण येणे, श्रम केल्यावर चक्कर येणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी "अशक्तपणा असेल" म्हणून घरी बसू नये. इकोकार्डिओग्राफीत झडपेची अवस्था कळते.

उपचार कसे बदलत गेले?

फॉस्फरस अन्नातून येतो, म्हणून तो आतड्यातच बांधून शौचावाटे बाहेर काढायचा, ही जुनी युक्ती आहे. त्यासाठी आधी ॲल्युमिनियमची औषधे देत. त्यातले ॲल्युमिनियम डायलिसिसच्या रुग्णांच्या मेंदूत आणि हाडांत साठते, असे दिसल्यावर ती मागे पडली. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पित्तावरची पातळ औषधे दुकानातून परस्पर आणू नयेत, त्याचे हे एक कारण. त्यांपैकी बऱ्याच औषधांत ॲल्युमिनियम असते.

त्यानंतर कॅल्शियमच्या गोळ्या आल्या. त्या स्वस्त आहेत आणि फॉस्फरस चांगला बांधतात. पण त्यातले काही कॅल्शियम रक्तात जाते. १९९८ मध्ये अमेरिकेत सेव्हेलॅमर हे कॅल्शियम नसलेले औषध आले, २००४ मध्ये लँथॅनम कार्बोनेट आले. २००२ मध्ये डायलिसिसच्या २०० रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरात कॅल्शियम घेणाऱ्या गटात हृदयधमन्यांतला चुना मध्यम हिशेबाने २५ टक्के वाढला, सेव्हेलॅमरच्या गटात ६ टक्के. मात्र २००७ मध्ये २,१०० रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत दोन्ही गटांच्या एकूण मृत्यूंत फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. ही नवी औषधे महाग आहेत. सर्वांनाच ती लागतात असे नाही. पण कॅल्शियमच्या गोळ्यांचा डोस मर्यादित ठेवावा, असे २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

इथे एक महत्त्वाचा इशारा. हा लेख वाचून कोणीही आपली कॅल्शियमची गोळी परस्पर बंद करू नये. मूत्रपिंडतज्ज्ञांनी फॉस्फरस बांधण्यासाठी किंवा रक्तातले कॅल्शियम फार कमी झाले म्हणून ती दिलेली असू शकते. चिठ्ठी घेऊन जा आणि विचारा, "ही गोळी कशासाठी आहे आणि किती दिवस घ्यायची?" हा प्रश्न गुरुजींनी मला विचारला असता, तर चूक वेळीच लक्षात आली असती. मीच तो स्वतःला विचारायला हवा होता, हे तर आहेच.

चुना विरघळवणारे औषध आहे का?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर असे की, एकदा साठलेला चुना काढून धमनी पूर्ववत करणारे खात्रीचे औषध आजही नाही. "बिनाऑपरेशन ब्लॉकेज साफ" अशा जाहिराती करून शिरेतून सलाईन लावणारे चिलेशन उपचार काही ठिकाणी चालतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवरची या उपचाराची मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हृदयाच्या घटना कमी झाल्याचे दिसले नाही. शिवाय हे औषध मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते आणि मूत्रपिंडांना इजाही करू शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णाने त्या वाटेला जाऊ नये.

'के' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचाही बोलबाला झाला आहे. कल्पनेला आधार आहे, कारण चुना अडवणाऱ्या एका प्रथिनाला हे जीवनसत्त्व लागते. पण डायलिसिसच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत ठोस फायदा दिसलेला नाही. रक्त पातळ करणारी वॉरफरिन ही गोळी 'के' जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते आणि चुना वाढवू शकते. तरीही ती मनाने बंद करू नका, गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. दुसरे औषध चालेल का, ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

हृदयाची धमनी चुन्यामुळे अरुंद झाली आणि स्टेंट बसवायचा असेल, तर आता एक नवी सोय आहे. मुतखडा ज्या प्रकारच्या दाबलहरींनी फोडतात, तशाच लहरी धमनीत नेलेल्या फुग्यातून सोडतात. त्याने चुन्याला तडे जातात आणि स्टेंट नीट उघडतो. चुना नाहीसा होत नाही, पण वाट मोकळी होते. झडप फारच अरुंद झाली तर ती बदलता येते.

थोडक्यात, साठलेला चुना राहतो, पण साठण्याचा वेग आपल्या हातात पुष्कळ प्रमाणात असतो.

मग करायचे काय?

पहिले काम, फॉस्फरसवर लक्ष. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असावे. मूत्रपिंडाचे रुग्ण क्रिएटिनीन पाठ ठेवतात, पण फॉस्फरस किती हे त्यांना सांगता येत नाही. आजाराच्या तिसऱ्या टप्प्यात सहा ते बारा महिन्यांनी, चौथ्या टप्प्यात तीन ते सहा महिन्यांनी आणि पाचव्या टप्प्यात एक ते तीन महिन्यांनी कॅल्शियम-फॉस्फरस तपासावे. पॅराथायरॉईडची तपासणी तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावी. चुना साठला आहे का, हे पाहण्यासाठी पोटाचा बाजूने काढलेला साधा एक्स-रेही उपयोगी पडतो. महागडे सीटी स्कॅन सर्वांना लागत नाही.

दुसरे, डायलिसिसचा हिशेब समजून घ्या. साध्या जेवणातून दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात जातो. आठवड्याचा झाला ७,०००. त्यातला साठ टक्के शोषला गेला तरी ४,२००. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० ते १,००० मिलिग्रॅम निघतो. तीन वेळा केले तरी फार तर ३,०००. आपल्याकडे पुष्कळजण आठवड्यातून दोनदाच करतात. म्हणजे शिल्लक राहणारच. म्हणून एकही डायलिसिस चुकवू नये आणि ठरलेल्या वेळेआधी "आज लवकर सोडा" म्हणू नये.

तिसरे, फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाबरोबरच घ्या. ती अन्नातला फॉस्फरस धरते. झोपताना रिकाम्या पोटी घेतली तर धरायला काही नसते. लँथॅनमची गोळी चावून खायची असते, गिळायची नाही.

चौथे, पाकिटाची मागची बाजू वाचा. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस आपल्या आतड्यात निम्म्याहूनही कमी शोषला जातो. दूध, अंडी, मांस यांतला त्याहून जास्त. पण कारखान्यात पदार्थ टिकावा, फुलावा म्हणून घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा शोषला जातो. पाकिटावर आयएनएस ३३८ ते ३४१, ३४३, ४५० ते ४५२ यांपैकी आकडा दिसला तर तो पदार्थ परत ठेवा. काळी कोल्ड्रिंक्स, चीजचे चौकोन, झटपट नूडल्स, सॉसेज आणि काही बेकरीचे पदार्थ यांत हे सापडतात. लग्नातल्या कोल्ड्रिंकपेक्षा घरच्या वरणाची वाटी बरी. घाबरून वरण बंद करू नका. डायलिसिसवरच्या माणसाला प्रथिने लागतातच. अंड्याचा पांढरा भाग चांगला, त्यात प्रथिने भरपूर आणि फॉस्फरस कमी. पेढे, बर्फी, खवा आणि काट्यांसकट खाल्ली जाणारी सुकी मासळी मात्र आवरा.

पाचवे, साखर आणि ब्लडप्रेशर ताब्यात ठेवा आणि तंबाखू सोडा. याला पर्याय नाही.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

"गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना रोज दह्यात घेतला तर?" हा सल्ला मोबाईलवर फिरतो. गुरुजीही काही महिने घेत होते. खायचा चुना म्हणजे कॅल्शियमच. मूत्रपिंडाच्या रुग्णाने तो दह्यातून, पानातून किंवा तंबाखूला मळून, कसाही घेऊ नये.

"आमच्या बोअरचे पाणी क्षाराचे आहे. तो चुना धमन्यांत बसतो का?" हंड्यावर पांढरा थर दिसतो म्हणून ही भीती वाटते. पण निरोगी माणसाच्या धमन्यांत पिण्याच्या पाण्यामुळे असा थर बसत नाही. धमनीतला चुना शरीराच्या आतल्या बिघाडातून घडतो. घरगुती फिल्टर घेतल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णाचा फॉस्फरस कमी होणार नाही.

"पोटावर, मांडीवर काळे-निळे चट्टे आले आहेत, हात लावू देत नाही." डायलिसिसच्या रुग्णाला असे झाले तर मलम लावत बसू नका. त्वचेच्या बारीक रक्तवाहिन्यांत चुना साठून कातडी मरण्याचा हा दुर्मीळ पण गंभीर प्रकार असू शकतो. त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जा.

गुरुजींचे पुढे काय झाले? त्या दिवशी मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी मूत्रपिंडतज्ज्ञांकडे पाठवले. फॉस्फरस ६.९ निघाला. कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व बंद झाले, दुसरे औषध सुरू झाले. बाईंनी स्वयंपाकघराच्या दारावर पाकिटांवरच्या आकड्यांची यादी चिकटवली. तरीही मूत्रपिंडे थकत गेली आणि गेल्या वर्षी डायलिसिस सुरू करावे लागले. हातावर फिस्टुला करताना धमनी कडक असल्याने सर्जनना आधी सोनोग्राफी करून जागा शोधावी लागली. आता ते जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोनदा जातात. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरीब रुग्णांसाठी ही सोय मोफत आहे. गरजूंनी चौकशी जरूर करावी.

गेल्या महिन्यात त्यांचा फॉस्फरस ४.८ आला. पायाचा एक्स-रे पुन्हा काढला होता. दोन पांढऱ्या रेषा तिथेच आहेत. पुसल्या नाहीत, फारशा वाढलेल्याही दिसल्या नाहीत. गुरुजी स्वतः चालत दवाखान्यात आले आणि फिल्म माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "आता नापास नाही ना?"

मी आता कॅल्शियमची चिठ्ठी लिहिण्याआधी क्रिएटिनीन विचारतो आणि गोळी कधी थांबवायची ती तारीख चिठ्ठीवरच लिहितो. तुमच्या घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, तर आज संध्याकाळी त्यांची औषधांची पिशवी उघडून पाहा.